चौल-रेवदंडा : निजामशाही अहमदनगरच्या खाडीबंदराची पायी पाहणी

गोषवारा

अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) निजामशाहीचा इतिहास बहुधा भुईकोट किल्ला, चांदबीबी आणि मलिक अंबर यांच्या आधारे सांगितला जातो. या राज्याचे सागरी अंग मात्र दुर्लक्षित राहते. कुंडलिका नदीच्या मुखावरील चौल हे निजामशाहीचे प्रमुख बंदर होते. प्रस्तुत निबंधात वरचे चौल, खाडीकाठ, रेवदंड्याचा कोट आणि कोर्लईचा डोंगर या क्रमाने पायी पाहणी करून तेथील अवशेषांचा अर्थ उपलब्ध इतिहासाच्या आधारे लावला आहे. १५२१ मध्ये निजामशाहीने पोर्तुगीजांना खाडीच्या मुखावर कोट बांधू दिला. हा निर्णय अज्ञानातून झालेला नसून घोड्यांच्या गरजेतून झालेला व्यवहार होता. मात्र त्या व्यवहाराची किंमत राज्याला पुढील पाऊणशे वर्षे मोजावी लागली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

कळीचे शब्द : चौल, रेवदंडा, कोर्लई, निजामशाही, पोर्तुगीज, घोड्यांचा व्यापार, खाडीबंदर, स्थानिक इतिहास.

प्रस्तावना

निजामशाहीचा इतिहास शिकविताना वर्गात एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. सीना नदीच्या काठी, कमी पावसाच्या पठारावर वसलेल्या या राजधानीत इतकी परदेशी माणसे आली कशी? आज विजापुरात असलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली. ती ओतणारा रूमी खान नावावरूनच रूमचा, म्हणजे तुर्की मुलखाशी नाते सांगणारा होता. बुऱ्हाण निजामशहास शिया पंथाकडे वळविणारा शाह ताहिर इराणातून समुद्रमार्गे दख्खनेत आला. याच बुऱ्हाणाच्या दरबारी गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य उपचारांसाठी येत असे. त्याचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला.

ही माणसे, ही विद्या आणि या सर्वांहून अधिक संख्येने आलेले घोडे पठारावर चढले ते कोकणातील खाड्यांमधून. अहमदनगरपासून आजच्या रस्त्याने सुमारे अडीचशे कि.मी. अंतरावर असलेली चौलची खाडी हे त्यांचे एक मुख्य प्रवेशद्वार होते. तरीही जिल्ह्याच्या इतिहासावरील लेखनात चौलचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपतो. जिल्ह्याची आजची सीमा हीच जणू इतिहासाचीही सीमा, असे आपण नकळत मानत आलो आहोत. ही समजूत तपासून पाहणे हा या निबंधाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची तीन उद्दिष्टे आहेत : (१) चौल-रेवदंडा परिसरातील अवशेषांचा निजामशाहीच्या इतिहासाशी असलेला संबंध स्पष्ट करणे, (२) १५२१ चा करार, १५७०-७१ चा वेढा आणि १५९४ चा कोर्लईचा संग्राम यांतील कार्यकारणसंबंध मांडणे, (३) स्थानिक इतिहासाच्या अध्यापनात या स्थळांचे स्थान कोणते असावे याचा विचार करणे.

पद्धती ऐतिहासिक व वर्णनात्मक आहे. तिला प्रत्यक्ष पाहणीची जोड दिली आहे. इंग्लंडमधील इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५५ मध्ये इंग्रजी भूदृश्याच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात शेते, रस्ते, कुंपणे आणि गावांची ठेवण यांचे वाचन दस्तऐवजाप्रमाणे करता येते हे दाखवून दिले. असे वाचन पायी चालल्याशिवाय होत नाही. वाहनातून जाणाऱ्यास चौल आणि रेवदंडा ही एकाच रस्त्यावरील दोन गावे वाटतात. पायी जाणाऱ्यास ती दोन सत्तांची दोन नगरे होती हे उमगते.

वरचे चौल : जुने बंदर

अलिबागहून दक्षिणेस सुमारे १५ कि.मी. गेल्यावर चौल लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांतून जाणाऱ्या अरुंद पाखाड्या आणि मधूनच डोकावणारे जुने चौथरे असे या गावाचे रूप आहे. लोकपरंपरेत याला चंपावती म्हणतात. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत ‘चेमुल’ हे नाव येते. टॉलेमीच्या भूगोलात आणि ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत आलेली मिळतीजुळती नावे याच बंदराची मानली जातात. या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी येथे केलेल्या पुरातत्त्वीय कामामुळे बंदराची प्राचीनता सातवाहनकाळापर्यंत नेता येते.

दहाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अरब प्रवासी अल-मसूदी येथे आला होता. त्याने या बंदराला ‘सैमूर’ म्हटले आहे. त्या वेळी शिलाहार राजा झंझ याची सत्ता होती. गावात सुमारे १०,००० मुसलमान राहत असून सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले व्यापारी त्यांत होते, असे तो नोंदवितो. त्यांच्यातील तंटे सोडविण्यासाठी त्यांचाच एक प्रमुख राजाने नेमलेला असे. परक्या व्यापाऱ्यास त्याच्या रिवाजाप्रमाणे राहू द्यावे आणि त्याच्या व्यापारातून राज्याने जकात घ्यावी, ही रीत या खाडीवर निजामशाहीच्या आधी पाच शतके रुळलेली होती. पोर्तुगीजांना दिलेल्या परवानगीचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते.

गावातील रामेश्वराचे मंदिर आणि त्यापुढील पुष्करणी पाहून पुढे गेले की घुमटाकार छताचा हमामखाना लागतो. राजकोट या जुन्या गढीचे थोडेच अवशेष आता उरले आहेत. डोंगरावर हिंगलाजदेवीचे स्थान आणि कोरीव लेणी आहेत. मंदिर, लेणी, हमाम आणि गढी ही सर्व एका दुपारच्या चालण्यात पाहून होतात. यांपैकी कोणत्याही एकाच वास्तूवरून चौलची ओळख ठरविली तर ती अपुरी ठरते. हे कोणा एका धर्माचे अथवा राजवटीचे गाव नव्हते, तर जकातीवर आणि विश्वासावर चालणारी पेठ होती.

घोड्याची वाट : चौल ते जुन्नर

निजामशाहीची स्थापना १४९० मध्ये झाली. त्यापूर्वी वीस वर्षे, १४७० च्या आगेमागे, अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. त्या वेळी येथे बहमनी राज्य होते. त्याच्याजवळ विकण्यासाठी एक घोडा होता. चौलहून पाली, तेथून उमरी आणि पुढे जुन्नर असा खुष्कीचा प्रवास त्याने केला. त्यास तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. जुन्नरच्या अंमलदाराने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलल्यास तो परत देण्याचे आमिष दाखविले. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने त्याची सुटका झाली. पुढे बीदरला तो घोडा त्याने विकला. रेवदंड्यात निकितिनचे स्मारक आज उभे आहे.

निकितिनची ही हकीगत एका व्यक्तीची असली तरी तिच्यातून एक व्यवस्था दिसते. दख्खनच्या हवामानात लढाऊ घोड्यांची पैदास पुरेशी होत नसे. अरबस्तान आणि इराणातील घोडे होर्मुझसारख्या बंदरांतून पश्चिम किनाऱ्यावर येत. जे राज्य घोडे मिळवी त्याचे घोडदळ उभे राही. जुन्नरचा अंमलदार एका परक्या माणसाच्या एका घोड्यासाठी इतका आटापिटा करतो, यावरून या जनावराचे मोल लक्षात येते. मलिक अहमदने पुढे याच जुन्नर प्रांताच्या बळावर आपले राज्य उभारले आणि मग सीनाकाठी राजधानी वसविली. नवे राज्य बहमनी सत्तेपासून वेगळे झाले तेव्हा चौलपासून जुन्नरपर्यंतची ही वाट त्याच्या वाट्यास आली. शिवनेरी आणि सह्याद्रीतील इतर किल्ले हाती असल्याने वाटेवर त्याचा ताबा होता. खाडीच्या मुखापलीकडे, खुल्या समुद्रावर मात्र त्याची सत्ता चालत नव्हती. निजामशाहीच्या सागरी इतिहासाची सारी गुंतागुंत या एका उणिवेत आहे.

खाडीकाठ : मार्च १५०८

वरच्या चौलातून खाडीकडे उतरले की ओहोटीच्या वेळी दूरवर चिखल उघडा पडलेला दिसतो. भरती आली की तेच पात्र समुद्रासारखे पसरते. अशा पाण्यात परक्या नाखव्याने केवळ डोळ्यांवर विसंबणे धोक्याचे असते. पाण्याखाली गाळ आहे, पात्र बदलते आणि मासेमारीसाठी रोवलेले खुंट भरतीत दिसत नाहीत.

मार्च १५०८ मध्ये याच खाडीत पोर्तुगीजांचा भारतीय समुद्रातील पहिला मोठा पराभव झाला. इजिप्तच्या मामलूक सुलतानाचा सरदार अमीर हुसेन आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ यांच्या आरमारांनी पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याच्या ताफ्यावर हल्ला केला. माघार घेताना लोरेन्सोचे जहाज कोळ्यांनी रोवलेल्या खुंटांत अडकले आणि तो मारला गेला. सुएझहून आलेल्या तोफा आणि लिस्बनहून आलेली जहाजे यांच्या झुंजीत शेवटचा घाव घातला तो गावच्या कोळ्यांच्या लाकडी खुंटांनी! बापाने दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये, दीवच्या लढाईत याचा सूड घेतला आणि समुद्रावरील पारडे पोर्तुगीजांकडे झुकले.

या लढाईत निजामशाहीची भूमिका प्रेक्षकाची होती. ज्या खाडीत ही लढाई झाली ती खाडी निजामशाहीची, पण लढणारे दोन्ही पक्ष बाहेरचे. आपल्याच दारात कोणाचे आरमार वरचढ ठरेल हे ठरविण्याचे सामर्थ्य राजधानीकडे नव्हते. पुढे पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे आणि १५१५ मध्ये होर्मुझ घेतले. घोड्यांच्या व्यापाराची दोन्ही टोके त्यांच्या हाती गेली. परवान्याशिवाय फिरणारी जहाजे ते पकडू लागले.

रेवदंड्याचा कोट : १५२१ चा व्यवहार

चौलहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता वाड्यांमधून सरळ जातो. काही वेळाने तो दगडी तटबंदी छेदून गावात शिरतो. हाच रेवदंड्याचा कोट. त्यास आगरकोट असेही म्हणतात. तटाच्या आत आज वस्ती आहे, शाळा आहेत, बाजार आहे आणि वाड्यांच्या कुंपणांआड चर्च व मठांच्या भिंती उभ्या आहेत.

या कोटाचे काम १५२१ मध्ये सुरू झाले आणि १५२४ पर्यंत पूर्ण झाले. बुऱ्हाण निजामशहा लहान वयात गादीवर आला होता. त्याच्या काळात पोर्तुगीजांना येथे कोट बांधण्याची परवानगी मिळाली. बदल्यात चौल बंदरात घोडे येत राहावेत ही निजामशाहीची अपेक्षा होती. दीवच्या मलिक अयाझने आरमार पाठवून हे बांधकाम रोखण्याचा प्रयत्न केला. खाडीच्या मुखावर पोर्तुगीजांचा कोट उभा राहणे गुजरातच्या व्यापारास घातक ठरेल हे तो जाणत होता.

पाठ्यपुस्तकी लेखनात ‘पोर्तुगीजांनी चौल बळकावले’ असे वाक्य आढळते. ते वस्तुस्थितीस धरून नाही. वरचे चौल निजामशाहीकडेच राहिले; खालचे चौल, म्हणजे रेवदंडा, पोर्तुगीजांचे झाले. याउलट, परवानगी देणाऱ्यांना अदूरदर्शी ठरविणेही न्याय्य नाही. विजापूर आणि गुजरात यांच्याशी स्पर्धा असलेल्या राज्यास घोडे हवेच होते. होर्मुझ पोर्तुगीजांच्या हाती गेल्यावर घोडे आणणार तेच होते. ते केवळ गोव्यात उतरले असते तर त्याचा पहिला लाभ शेजारच्या विजापुरास मिळाला असता. चौलच्या रीतीप्रमाणे परक्या व्यापाऱ्यास जागा देणे हेही नवे नव्हते. अल-मसूदीच्या काळातील व्यापाऱ्यांनी मात्र तोफांचा कोट बांधला नव्हता. जुनी रीत नव्या प्रकारच्या पाहुण्यास लागू केली गेली, हे या व्यवहाराचे मर्म आहे.

या दोन नगरांचे परस्परसंबंध केवळ वैराचे नव्हते. नोव्हेंबर १५८३ मध्ये राल्फ फिच आणि जॉन न्यूबेरी हे इंग्रज व्यापारी येथून गेले. होर्मुझला अटक करून पोर्तुगीज त्यांना गोव्यास नेत होते. फिचने चौलची दोन नगरे नोंदविली आहेत : एक पोर्तुगीजांचे आणि दुसरे निजामशहाचे. मसाले, औषधी, रेशीम, कापड, चंदन, हस्तिदंत आणि चिनी माल यांच्या मोठ्या उलाढालीचे वर्णन तो करतो. नारळाच्या झाडाच्या नाना उपयोगांचे त्यास विशेष कौतुक वाटले. मोठ्या वेढ्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी ही पेठ इतकी भरलेली होती, याचा अर्थ दोन्ही नगरांना एकमेकांची गरज होती. फिचने पाहिलेल्या व्यापाराचे आता नाव उरले आहे. त्याने पाहिलेल्या नारळाच्या वाड्या मात्र आजही गावाचे पोट भरतात.

१५७०-७१ चा वेढा

कोटाच्या आतील अवशेषांत ‘सातखणी’ मनोरा सर्वांत उंच आहे. नाव सातखणी असले तरी वरचे मजले आता पडले आहेत. हा मनोरा मुळात फ्रान्सिस्कन पंथीयांच्या सांता बार्बारा चर्चचा. समुद्रातून येणाऱ्या गलबतांना तो खूण म्हणून उपयोगी पडे. या मनोऱ्याच्या परिसरात उभे राहून उत्तरेस, वरच्या चौलाच्या दिशेने पाहिले की १५७०-७१ च्या वेढ्याची रचना समजते. घेरणारी सेना याच बाजूने आली.

१५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पराभव केला. त्यानंतर अहमदनगर, विजापूर आणि कालिकतचा सामुरी यांनी पोर्तुगीजांविरुद्ध एकजूट केली. अली आदिलशहाने गोव्यास आणि मुर्तजा निजामशहाने चौलास वेढा घातला. डिसेंबर १५७० च्या सुमारास सुरू झालेला चौलचा वेढा अनेक महिने चालला. तटाबाहेरील घरे आणि मठ यांच्यासाठी हातघाईच्या लढाया झाल्या. पोर्तुगीज वृत्तांतांत निजामशाही सैन्याचे आकडे अवाढव्य दिले आहेत; विजय मोठा दिसावा म्हणून शत्रू मोठा करण्याची ही पद्धत असल्याने ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. जुलै १५७१ मध्ये तह झाला आणि वेढा उठला.

या अपयशाचे कारण मुहम्मद कासिम फरिश्ता याने दिले आहे. फरिश्ता विजापुरास जाण्यापूर्वी मुर्तजाच्याच पदरी होता. निजामशाही सरदारांना नजराण्यांनी, विशेषतः मद्य देऊन, फितविण्यात आले आणि कोटात रसद पोहोचू दिली गेली, असा त्याचा आरोप आहे. हा आरोप निराधार म्हणता येणार नाही. परंतु खाडीच्या मुखाशी उभे राहिल्यावर दुसरे कारण अधिक ठळक दिसते. कोटाच्या एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी. जमिनीकडून कितीही कडक वेढा घातला तरी गोव्याहून माणसे आणि दारूगोळा पाण्यावरून येत राहिला. सामुरीची गलबते मदतीस आली, पण ती समुद्राची वाट बंद करू शकली नाहीत. ज्या किल्ल्याचे दार समुद्रात उघडते त्याला केवळ पायदळ आणि घोडदळ घेऊन कोंडता येत नाही. घोड्यांसाठी दिलेला कोट घोडदळाने परत मिळाला नाही.

कोर्लई : १५९४

रेवदंड्याहून खाडीवरील पूल ओलांडून साळावमार्गे कोर्लईस जाता येते. तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला, समुद्रात घुसलेला हा चिंचोळा डोंगर खाडीच्या मुखाचा दुसरा खांब आहे. वरून रेवदंड्याचा कोट, त्यामागील वाड्या आणि कुंडलिकेचे पात्र एकाच नजरेत येते. पोर्तुगीज या डोंगराला ‘मोर्रो’ म्हणत.

दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने या डोंगराचे महत्त्व ओळखले आणि येथे तटबंदी उभारली. समोरच्या कोटावर आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर येथून मारा करता येई. १५७१ च्या वेढ्यात जे साधले नाही ते साधण्याचा हा मार्ग होता : समुद्रावर आरमार नसेल तर समुद्राच्या दारावर तोफा ठेवणे. विचार योग्य होता. पण पोर्तुगीजांनी सप्टेंबर १५९४ मध्ये हल्ला करून हा किल्ला जिंकला. ही हानी मोठी होती.

यानंतरचा क्रम अहमदनगरच्या वाचकास परिचित आहे. एप्रिल १५९५ मध्ये बुऱ्हाण मरण पावला, दरबारात तट पडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मोगल सैन्य अहमदनगरच्या किल्ल्यापुढे आले. चांदबीबीने तो किल्ला लढविला. १६०० मध्ये तो पडला. कोर्लईच्या पराभवामुळे निजामशाही बुडाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र भुईकोट किल्ल्याच्या तटावर लढल्या गेलेल्या प्रसिद्ध संग्रामाच्या अवघे सव्वा वर्ष आधी याच राज्याने खाडीच्या मुखावर आपली माणसे आणि तोफा गमावल्या होत्या. या दोन घटना एकत्र शिकविल्या जात नाहीत. त्या एकत्र ठेवल्याशिवाय १५९५ मधील राज्याची दुर्बलता पुरती कळत नाही.

कोर्लई गावात आणखी एक अवशेष आहे, तो दगडाचा नाही. येथील ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संकरातून घडलेली एक बोली बोलतात. तिच्या बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाभ्यासकाने १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. पोर्तुगीजांची सत्ता १७४० मध्ये येथून गेली. त्यांची भाषा मराठी वळण घेऊन आजही या गावात टिकून आहे.

एक तौलनिक उदाहरण : टॉप्शॅम आणि एक्झेटर

आतल्या भागातील नगर आणि खाडीवरील बंदर यांचा असा ताण केवळ दख्खनचाच नाही. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात एक्स नदीवर एक्झेटर हे नगर आहे आणि खाली, नदीमुखाच्या खाडीवर, टॉप्शॅम हे छोटे बंदर. तेराव्या शतकात नदीवर बंधारा घातला गेला आणि पुढे स्थानिक उमरावांनी जलमार्ग अडविला. परिणामी एक्झेटरचा माल टॉप्शॅमच्या धक्क्यावर उतरू लागला आणि त्याची जकात उमरावांना मिळू लागली. १५६० च्या दशकात एक्झेटरच्या नगरसभेने बंधारा टाळून जाणारा कालवा खोदला. टॉप्शॅममध्ये फिरताना आजही डच धर्तीची घरे दिसतात. कापडाच्या व्यापारासाठी हॉलंडला जाणाऱ्या जहाजांनी परतताना विटा आणल्या, त्यांची ती घरे.

एक्झेटरने कालवा खोदला त्याच दशकाच्या अखेरीस मुर्तजा चौलच्या वेढ्याची तयारी करीत होता. ही तुलना एका मर्यादेपर्यंतच खरी आहे. एक्झेटरपासून खाडी अवघी काही कि.मी. आणि वाट सपाट. अहमदनगर आणि चौल यांच्यामध्ये सह्याद्री. एक्झेटरचा प्रतिस्पर्धी त्याच राजाचा प्रजाजन होता. निजामशाहीचा प्रतिस्पर्धी सागरी साम्राज्य. तरीही प्रश्न एकच होता : दुसऱ्याच्या हाती गेलेले पाण्याचे दार परत कसे मिळवावे? एक्झेटरला पर्यायी जलमार्ग काढता आला. अहमदनगरला तो निसर्गतःच उपलब्ध नव्हता. त्यामुळे वेढा, तोफा आणि तह यांच्याच वाटेने जावे लागले.

उत्तरकाळ

१६३६ मध्ये निजामशाहीचा शेवट झाला आणि कोकणातील तिचा मुलूख आदिलशाहीकडे गेला. पुढे वरचे चौल शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी रेवदंड्यास वेढा घातला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीजांची उत्तर कोकणातील सत्ता कोलमडली आणि १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. निजामशहांना जे साधले नव्हते ते अशा रीतीने घडले. परंतु तोपर्यंत दाराचे महत्त्वच उरले नव्हते. सुरत आणि त्यानंतर मुंबई यांनी व्यापार ओढून घेतला होता. चौलचे विणकर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातच मुंबईकडे वळले होते. खाडी गाळाने भरत होती, तर मोठ्या जहाजांना खोल पाणी हवे होते.

निष्कर्ष

१. चौल-रेवदंडा-कोर्लई हा परिसर निजामशाहीच्या इतिहासाचा अविभाज्य भाग आहे. राजधानीतील परदेशी विद्या, शस्त्रे आणि घोडदळ यांचा उलगडा या खाडीशिवाय होत नाही.

२. १५२१ ची परवानगी हा घोड्यांच्या गरजेतून झालेला, त्या काळच्या दृष्टीने सयुक्तिक व्यवहार होता. जमिनीवर बलाढ्य परंतु समुद्रावर दुर्बल अशा राज्यास त्यावाचून गत्यंतर थोडेच होते.

३. १५७०-७१ चा वेढा आणि १५९४ चे कोर्लईचे युद्ध हे त्या व्यवहाराची दुरुस्ती करण्याचे दोन प्रयत्न होते. आरमाराअभावी ते दोन्ही फसले. फितुरी हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही.

४. दोन नगरांत वैर होते तसा व्यापारही होता. त्यांचा इतिहास केवळ धर्मयुद्धाचा अथवा केवळ परकीय आक्रमणाचा म्हणून मांडणे एकांगी ठरेल.

५. अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपल्या अभ्याससहलींत चौलचा समावेश करावा. वाड्यांच्या कुंपणांआडच्या भिंती, मनोऱ्याचे उरलेले मजले आणि कोर्लईची बोली ही तिन्ही झिजत जाणारी साधने आहेत. त्यांची छायाचित्रे, मोजमापे आणि ध्वनिमुद्रणे विद्यार्थ्यांकडून करून घेता येतील.

भुईकोट किल्ल्याच्या खंदकापाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास समुद्र दिसत नाही. मात्र त्या तटावर ठेवलेल्या तोफांची विद्या आणि त्याच्या दारातून बाहेर पडलेले घोडे कोणत्या पाण्यावरून आले हे त्यास सांगणे, हे या जिल्ह्यात इतिहास शिकविणाऱ्यांचे काम आहे. ते चौलच्या पाखाडीवरून एकदा चालून आल्यास अधिक प्रामाणिकपणे करता येते.